गाडीत कुठलं तेल घालायचं

आई गेल्यानंतरच्या दिवसांत बाबा मला घेऊन इंजिन ऑइल बघायला जायचे. नुसतं बघायला. घ्यायचे नाहीत.

रविवारी मला सुट्टी असायची. जेवण झालं की ते चपला घालून ओट्यावर बसून राहायचे आणि मी भांडी आवरून बाहेर आले की उठायचे. कुठे जायचं हे दोघांपैकी कुणीच बोलायचं नाही. गावातून रिक्षा धरायची, अंजूर फाट्याला उतरायचं आणि रस्त्याच्या कडेची ट्रक-टेम्पोच्या सामानाची दुकानं एकेक करत बघत जायची. बाबांना इंग्रजी वाचता यायचं नाही, म्हणून मी बरोबर.

दुकानदार डबा काउंटरवर ठेवायचा. बाबा तो माझ्याकडे सरकवायचे.

"वाच."

मी वाचायचे. पंधरा डब्ल्यू चाळीस. वीस डब्ल्यू पन्नास. डिझेल इंजिनसाठी. लहान मुलांपासून दूर ठेवावे. मागच्या बाजूचं बारीक अक्षरही वाचायला लावायचे, पॅकिंग कुठे झालं तेसुद्धा. ते मान खाली घालून ऐकायचे, डबा हातात घेऊन झाकण अंगठ्याने दाबून बघायचे आणि परत ठेवून द्यायचे. मग पुढचं दुकान.

मला याचं काही वाटत नव्हतं. कंटाळा नाही, चीड नाही, दया नाही. तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं. उलट डब्यावरची अक्षरं वाचायला सोपी होती. ती लिहिलेलीच असायची, आपण काही शोधून बोलायला लागायचं नाही.

गाडी आमच्याकडे सेकंडहँड आली होती. दापोड्याकडची आमची जमीन गोदामासाठी गेली, त्याच्या पुढच्या वर्षी. पांढरी, डिझेलची, मागे लांब सीट असलेली. त्या काळात आमच्या आळीत बहुतेक घरांपुढे गाडी आली होती, तशी आमच्याही आली. बाबांनी आधी कितीतरी वर्षं खाडीत रेतीच्या होडीवर काम केलं होतं. होडीचं इंजिन ते स्वतः खोलायचे, स्वतः बांधायचे. त्यामुळे गाडीचं इंजिनही आपल्याला कळतं असं त्यांना वाटायचं, आणि आम्हालाही तसंच वाटायचं. गाडीबरोबर कंपनीचं पुस्तक वगैरे काही आलं नव्हतं, पण त्याची गरज कुणाला वाटली नाही.

त्या सकाळी आई भाकऱ्या थापत होती. मी ड्युटीला निघायच्या तयारीत होते. तिने मला हाक मारली, पण माझं नाव तिच्या तोंडातून नीट निघालं नाही, म्हणून मी आत गेले. ती भिंतीला टेकून खाली बसली होती. उजवा हात मांडीवर पडला होता आणि त्याला पीठ लागलेलं होतं. तव्यावरची भाकरी जळत होती. मी आधी गॅस बंद केला. हे मला नीट आठवतं, की मी आधी गॅस बंद केला आणि मग बाबांना हाक मारली.

आम्ही दोघांनी तिला उचलून मागच्या सीटवर निजवलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर. मानकोली नाक्यावरून हायवेला लागलो आणि ठाण्याच्या दिशेने निघालो. बाबा गाडी फार जोरात चालवत होते, तसे ते एरवी चालवायचे नाहीत. आई डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. खाडीचा पूल यायच्या आधीच बॉनेटमधून वाफ यायला लागली. मग इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज आला, आणि गाडी आचके देत कडेला जाऊन थांबली. परत सुरू झाली नाही.

बाबा उतरले. बॉनेट उघडून त्यांनी तेल मोजायची पट्टी उपसली, सदऱ्याच्या टोकाला पुसली, परत घातली, परत काढली. पट्टीकडे बघत ते उभे राहिले. मी आतून विचारलं, काय झालं? ते म्हणाले, तेल जळलं.

मी रस्त्यात जाऊन हात केला. गोदामात माल उतरवून परत चाललेला एक रिकामा टेम्पो थांबला. ड्रायव्हरने मागची फळी पाडली, आत पडलेले पुठ्ठ्याचे खोके पसरून अंथरूण केलं आणि आईला चढवायला मदत केली. बाबाही चढले. गाडीचं बॉनेट तसंच उघडं राहिलं, चावीही गाडीतच राहिली. टेम्पोत बाबा आईच्या पायाशी बसले होते आणि तिची पावलं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, टेम्पो उडाला की ती हलू नयेत म्हणून.

हॉस्पिटलात आई दोन-तीन दिवस होती. बोलली नाही. मग गेली.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मेंदूतला रक्तस्राव फार मोठा होता. मी विचारलं, अर्धा तास आधी पोचलो असतो तर? त्या म्हणाल्या, नाही, काही फरक पडला नसता. घरी आल्यावर मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. कुणी वाटेत भेटून आज ऊन फार आहे म्हटल्यावर आपण हलवतो तशी.

दहावं झालं, तेरावं झालं. घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. बायका मला पोटाशी धरून रडायच्या आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायचे. आता मला रडू येईल, मग येईल, असं मला वाटत राहिलं. ते आलं नाही. एक मावशी माझ्या आत्याला हळूच म्हणाली की पोरीला काही झालं नाही ना, तिला रडवा. मला ऐकू गेलं. मलाही तसंच वाटत होतं, की कुणीतरी मला रडवावं. पण ते कसं करतात हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मी कामावर गेले. दापोड्याच्या एका गोदामाच्या ऑफिसात मी गाड्यांची चलनं बनवायचे. किती खोके, कुठे जाणार, गाडीचा नंबर. साहेब म्हणाले, अजून थोडी सुट्टी घे. पण सुट्टी घेऊन घरी काय करायचं ते मला समजेना. चलनं बनवताना माझं काही चुकलं नाही. उलट त्या महिन्यात माझं काम जास्तच नीट झालं असेल.

गाडी चुलत भावाने दोरीने ओढून मानकोली नाक्याजवळच्या गॅरेजात नेऊन टाकली होती. तिथला मिस्त्री जौनपूरचा, पण भिवंडीत इतकी वर्षं काढलेला की मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलायचा. त्याने इंजिन उतरवलं. सामान मागवायचं होतं, वेळ लागणार होता. त्याने बाबांना एवढंच सांगितलं की इंजिन बांधून होईल तेव्हा नवीन ऑइल तुम्ही स्वतः आणा, मी आणलं तर लोक म्हणतात याने डुप्लिकेट घातलं.

तेव्हापासून आमचे रविवार सुरू झाले.

प्रत्येक दुकानात वेगळं सांगायचे. एकाने सांगितलं, जुनं इंजिन आहे ना, मग जाड तेल घाला, पातळ तेल जुन्या इंजिनात टिकत नाही. दुसऱ्याने सांगितलं, जाड अजिबात नको, सकाळी गाडी चालू करताना ते वर चढायला वेळ घेतं आणि तेवढ्यात इंजिन घासतं. त्याने आकड्यांचा अर्थही सांगितला. पहिला आकडा तेल गार असताना किती पातळ राहतं त्याचा, दुसरा ते तापल्यावर किती जाड राहतं त्याचा. बाबांनी त्याला हे परत सांगायला लावलं. तिसरा म्हणाला, हे सगळं सोडा, हे बाहेरच्या देशातलं घ्या, एकदा घातलं की वर्षभर बघायला नको. बाबा सगळ्यांचं सारखंच लक्ष देऊन ऐकायचे. होडीच्या इंजिनाला जाडच तेल लागायचं, हे ते प्रत्येक ठिकाणी एकदा सांगायचे.

एका दुकानदाराने, त्याच्याकडे गिऱ्हाईक नव्हतं म्हणून असेल, आम्हाला खोटा डबा कसा ओळखायचा ते दाखवलं. झाकणाखालची कडी तुटलेली नको. आतलं सील कडेने उचकटलेलं नको. डब्यावर छापलेली तारीख नखाने खरवडली तर निघायला नको. रिकामे डबे भंगारवाल्याकडून उचलतात, त्यात सुटं तेल भरतात, म्हणाला. बाबांनी विचारलं, सुटं तेल म्हंजे ड्रमातलं? तो म्हणाला, हां चाचा, कुछ भी होता है उसमें. जला हुआ तेल छानके भी डालते हैं.

तिथून निघाल्यावर बाबा पुढे न जाता मागे वळले. फाट्यापासून थोडं आत एक दुकान होतं, बाहेर निळे ड्रम आडवे ठेवलेले, त्यांना नळ लावलेले. नळाखालची माती काळी झाली होती. बाबा एका ड्रमापाशी वाकले, नळाच्या तोंडाला लोंबणारा थेंब बोटावर घेतला आणि अंगठ्याने चोळत राहिले. मग वास घेतला. मी शेजारी उभी होते. दुकानातला माणूस आमच्याकडे बघत होता.

"ह्येच टाकलं व्हतं," बाबा म्हणाले. "आठवड्याआधी. कमी दिसलं म्हनून."

त्यांनी बोट पँटीला पुसलं. रिक्षात ते डाग पडलेल्या जागेवर हात ठेवून बसले.

म्हणजे एवढे दिवस ते तेलाच्या मागे का लागले होते, हे मला त्या दिवशी कळलं. कळलं, पण एखादी बातमी कळावी तसं. त्यांना काहीतरी सांगायला हवं, हे मला समजत होतं. डॉक्टर काय म्हणाल्या ते परत सांगावं, त्यांचा हात धरावा. रिक्षा नारपोलीच्या यंत्रमागवाल्यांच्या टेम्पोंच्या मागे अडकली होती, टेम्पोत कापडाचे तागे रचलेले होते, आणि मी त्या ताग्यांकडे बघत बसले. घर आलं तेव्हा उतरले.

काही दिवसांनी मिस्त्रीचा निरोप आला की सामान आलं, उद्या इंजिन बांधतो, ऑइल घेऊन या. बाबा संध्याकाळी माझ्या ऑफिसच्या गेटवर येऊन उभे राहिले. शिफ्ट सुटत होती, हमालांची गर्दी होती, त्या गर्दीत ते मला आधी दिसलेच नाहीत. मला म्हणाले, आधी गॅरेजात जाऊ, मग तेल घेऊ. मला वाटलं ते गाडी बघणार असतील.

गॅरेजात मिस्त्री हात धूत होता. बाबांनी खुर्ची नाकारली. ते उभेच राहिले आणि त्यांनी सरळ विचारलं.

"तेलानंच बसलं ना इंजान? खरं सांग. मना लपवू नको."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. त्याला आमच्या घरचं माहीत होतं. नाक्यावर सगळ्यांना माहीत होतं.

"तेलाने नाही, चाचा," तो म्हणाला. "तेल काही फार चांगलं नव्हतं, पण त्याने बसलं नाही. पानी का पाइप फटा था. पाणी सगळं गेलं, इंजिन गरम झालं, मग तेल जळलं. तेल बाद में जला."

त्याने कोपऱ्यातून एक काळा रबरी पाइप आणून दाखवला. वाकणाच्या जागी लांब चीर होती. बाबांनी तो हातात घेतला. मिस्त्री म्हणाला की ही चीर एकदम पडलेली नाही, आधीपासून थोडं थोडं गळत असणार, खाली जमिनीवर ओलं दिसत असणार.

तो हे चांगल्या मनानेच सांगत होता. तेलाची चूक नव्हती हे ऐकून म्हाताऱ्याच्या मनावरचं ओझं उतरेल, असं त्याला वाटलं असणार. मलाही क्षणभर तसं वाटलं. मग मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं.

आई पडली त्याच्या आधीच्या आठवड्यात ती रोज सकाळी अंगण झाडताना म्हणायची की गाडीखाली ओलं दिसतंय. दोनदा तरी माझ्यासमोर म्हणाली होती. बाबा म्हणाले होते, एसीचं पानी असंल. आम्ही एसी लावायचो नाही फारसा, पण कुणी त्यावर विचार केला नाही. आई म्हणाली, मला काय कळतंय तुमच्या गाडीतलं, आणि त्या ओल्या जागेवरही झाडू फिरवून पुढे गेली.

बाबा पाइपाची चीर बोटांनी उघडत होते आणि मिटवत होते. गॅरेजात कुणीतरी लोखंड घासत होतं. तो आवाज थांबला. मग त्यांनी पाइप मिस्त्रीच्या हातात परत दिला आणि विचारलं,

"मग तेल कंचं आनू?"

मिस्त्री म्हणाला, पंधरा-चाळीस, डिझेलचं, कुठल्याही चांगल्या कंपनीचं. जाड नको. डबा सीलबंद बघून घ्या. एवढंच. इतके रविवार आम्ही जे शोधत होतो ते त्याने हात पुसता पुसता सांगून टाकलं, आणि आम्ही त्याला आधी विचारलंच नव्हतं. बाबांना कदाचित विचारायचं नव्हतं.

आम्ही नाक्यावरच्याच दुकानात गेलो. या वेळी डबा मी मागितला. कडी बघितली, सील बघितलं, तारखेवरून नख फिरवलं. बाबा माझ्या मागे उभे होते. वाच, म्हणाले नाहीत. मीच वाचलं, मनात. दुकानदाराने विचारलं, चाचा, ठीक है ना? बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं, की तिला विचार.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकली. इंजिन बसवून झालं होतं. मिस्त्रीने डबा बाबांच्या हातात दिला, म्हणाला, तुम्हीच घाला. बाबांनी सील फोडलं. मी नरसाळं धरलं. तेल मधासारखं दिसत होतं, स्वच्छ, आणि आवाज न करता आत जात होतं. मी इतकं नवं तेल कधी पाहिलं नव्हतं. गाडीतलं तेल म्हणजे काळंच, असं माझ्या डोक्यात होतं.

ते ओतता ओतता बाबा म्हणाले,

"तुना माझा राग हाय का?"

डब्याकडेच बघत म्हणाले. मिस्त्री पलीकडे पाने-पक्कडी गोळा करत होता.

"नाय," मी म्हणाले.

ते खरं होतं. पण कशाचंच काही वाटत नसताना राग नाही हे सांगण्याला किती अर्थ असतो, ते मला तेव्हाही नीट ठरवता आलं नाही. माझ्या आत शोधून बघितलं तर राग नव्हता, मायाही हाताला लागत नव्हती. तरी मी नाय म्हणाले, आणि मग अजून काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणाले, "डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, फरक पडला नसता."

"तू सांगितलंस मना," ते म्हणाले.

"हो. पण तुम्ही ऐकलं नव्हतं."

त्यांनी डबा उलटा धरून शेवटचं तेल निथळू दिलं. बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, ऐकलं व्हतं. तेव्हा ते मना लहान वाटलं. म्हणजे नक्की काय वाटलं, ते मी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं, पण आता तेही नाहीत.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मिस्त्रीने थोडा वेळ तशीच चालू ठेवली, मग बंद करून पट्टी काढली आणि बाबांना दाखवली. दोन खुणांच्या मध्ये तेल दिसत होतं. बाबांनी पट्टी मला दाखवली. मग ती परत आत खोचायला माझ्याकडे दिली, आणि खोचून झाल्यावर चावीही माझ्याकडे दिली.

लायसन्स मी कॉलेजात असताना काढलं होतं, पण गाडी कधी धड चालवली नव्हती. मी म्हणाले, मला नाही जमणार. ते म्हणाले, हळू चल. आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसले. नाक्यापासून गावापर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्येच आणली. मागचे कंटेनर हॉर्न वाजवत होते. बाबांनी एकदाही काही सांगितलं नाही, ब्रेक दाब नाही, गिअर बदल नाही. खिडकीबाहेर बघत राहिले. आमच्या जुन्या जमिनीवरचं गोदाम आलं, गेलं. अंगणात गाडी लावताना मागचा बंपर तुळशीच्या कट्ट्याला घासला, त्यालाही काही म्हणाले नाहीत.

त्यानंतर बाबांनी गाडी चालवली नाही. कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं, लग्नाला जायचं असलं की मीच न्यायचे. हळूहळू मला तिसरा-चौथा गिअरही जमला. तेल बदलायची वेळ आली की मी नाक्यावरून पंधरा-चाळीसचा डबा आणायचे आणि घरी आले की बाबांच्या हातात द्यायचे. ते झाकण अंगठ्याने दाबून बघायचे आणि मला परत द्यायचे. कुठल्या दुकानातून आणला ते विचारायचे नाहीत.

माझं ते बधिरपण कधी गेलं मला सांगता येणार नाही. एक दिवस ऑफिसात आमच्या एका बाईने तिच्या सासऱ्यांची नक्कल केली आणि मी मोठ्याने हसले. सगळ्याजणी माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. मग बाहेर गाडी लागली, ड्रायव्हर खिडकीशी आला, आणि मी त्याचं चलन बनवायला घेतलं. गाडीचा नंबर लिहिताना मला दिसेनासं झालं. ड्रायव्हर म्हणाला, ताई, आरामात, घाई नाही. मी डोळे पुसले आणि नंबर परत विचारला.